54 मिनिटांत 28 गाणी

लंडन

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दिवसभर कानाला लावून तू जो गोंगाट ऐकतेस त्यात संगीत नेमके कोठे असते, असे तुम्ही मागच्या खेपेस फोनवर विचारलेत. तेव्हा मी ते हसण्यावारी नेले, पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

त्या गोंगाटाचे नाव ‘इट्स अलाइव्ह’. न्यू यॉर्कच्या रामोन्स या पंक रॉक बँडने 31 डिसेंबर 1977 रोजी येथील रेनबो थिएटरमध्ये केलेल्या कार्यक्रमाचे हे ध्वनिमुद्रण 1979 मध्ये दोन तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाले. सुमारे 54 मिनिटांत 28 गाणी, म्हणजे एका गाण्याच्या वाट्याला पुरती दोन मिनिटेही येत नाहीत. एवढ्यात तानपुराही जुळत नाही, असे तुम्ही म्हणालच.

मला मात्र वेगापेक्षा दोन गाण्यांच्या मधली जागा, किंबहुना तिचा अभाव, खिळवून ठेवतो. गाणे थांबते, टाळ्या पडतात न पडतात तोच बेस वाजवणारा डी डी ‘वन, टू, थ्री, फोर’ असे ओरडतो आणि चौघेही पुढच्या गाण्यात उडी घेतात. गंमत म्हणजे तो ज्या लयीत मोजतो तिचा पुढच्या गाण्याच्या लयीशी पुष्कळदा काडीचाही संबंध नसतो. तुम्ही त्याला समेवरून नक्की टोकले असते.

गिटार वाजवणारे बहुतेक जण तारांवर हात खाली-वर फिरवतात, कारण त्यात श्रम निम्मे होतात. रामोन्सचा गिटारवादक जॉनी मात्र जवळजवळ प्रत्येक आघात वरून खालीच करतो, त्यामुळे प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा पडतो आणि भिंतीपलीकडून करवत चालावी तसा तो आवाज अखंड येत राहतो. मैत्रिणीच्या गिटारवर मी हे करून पाहिले. अर्ध्या मिनिटात मनगट भरून आले. तुम्हाला जो धुडगूस वाटतो, त्याच्यामागे असा काटेकोर रियाज आहे.

रामोन्सच्या त्या वेळच्या ब्रिटन दौऱ्यातले चार कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाले होते. शेवटी प्रेक्षकांनी खुर्च्यांच्या दहा रांगा उखडून रंगमंचाकडे भिरकावल्या म्हणूनच तबकडीसाठी रेनबोमधला हा कार्यक्रम निवडला, असे सांगतात. खुर्च्या मोडण्याचे समर्थन मी करत नाही, हे आईला आवर्जून सांगावे.

गेल्या रविवारी लंडनमधल्याच फिन्सबरी पार्कला जाऊन रेनबो थिएटरची ती वास्तू पाहिली. 1930 मध्ये चित्रपटगृह म्हणून बांधलेल्या त्या इमारतीत आता चर्च आहे. लोक प्रार्थनेसाठी आत जात होते. मी कानातला आवाज जरा कमी केला आणि समोरच्या पदपथावर उभी राहून उरलेली गाणी ऐकली.

तुमची,
धाकटी