दुसरी धार माझ्या हाती सोडणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहायचं कारण एवढंच, की तुम्ही जे दाखवलंत ते एकाच माणसापाशी राहू नये. स्टेनलेस स्टीलमध्ये भोक पाडताना ड्रिलचं बिट जाळून बसलेले पुष्कळ आहेत. तुम्ही भेटेपर्यंत मला जे ऐकायला मिळत होतं, तेच त्यांनाही आजवर मिळत असणार: "बिट हलकं आहे, भारीतलं घ्या."

भारीतलं घेतलं. तेही जळलं.

काम साधं होतं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची ६ मिलिमीटर जाडीची पट्टी आणि तिच्यात १० मिलिमीटरची आठ भोकं. पहिल्याच भोकात बिटाचं टोक निळं पडलं, पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, आणि त्यानंतर ते नुसतं किंचाळत फिरत राहिलं. एकानं सांगितलं, जोर लावा. दुसऱ्यानं सांगितलं, स्पीड वाढवा. तिसरा म्हणाला, पाणी सोडत राहा. विकणाऱ्यानं सोनेरी बिट पुढे केलं आणि "टायटॅनियमचं आहे" म्हणाला. मशीन किती फेऱ्यांवर चाललंय, हे या चौघांपैकी एकानंही विचारलं नाही. राग अजून गेलेला नाही, तो बिटं वाया गेली म्हणून नाही. न बघता उत्तर देण्याची एवढी घाई कशाला, याचा आहे.

तुम्ही आल्यावर ना बिट हातात घेतलंत, ना मशीन चालू करून बघितलंत. ब्रशनं टेबलावरचा कीस एका पांढऱ्या कागदावर ओढलात आणि तो कागद उजेडात नेलात. काळपट भुकटी, थोड्या निळ्या-जांभळ्या बारीक सुया, आणि एकच अर्धवट वेटोळं. त्या मूठभर कचऱ्यातून तुम्ही तीन गोष्टी वाचल्यात. भुकटी आहे म्हणजे बिट कापत नाही, घासतंय. रंग आहे म्हणजे वेग जास्त आहे. वेटोळं एकाच बाजूनं आलंय म्हणजे दोन धारांपैकी एकच काम करतेय. चांगल्या लागलेल्या बिटाच्या दोन्ही फ्लूटमधून, म्हणजे अंगावरच्या पिळदार खाचांमधून, सारख्या जाडीची, सारख्या रुंदीची दोन वेटोळी वर येतात. तशी येत नसतील तर आधी धार बघायची, कंपनीचं नाव नंतर.

मग वेगाचा हिशोब. खडूनं टेबलावर लिहिलंत: ३२० ला कापण्याच्या वेगानं गुणा, बिटाच्या व्यासानं भागा. वेग म्हणजे बिटाची बाहेरची कड धातूवरून मिनिटाला किती मीटर सरकते ते, व्यास मिलिमीटर, आणि येणारं उत्तर म्हणजे एका मिनिटातल्या फेऱ्या. साध्या हायस्पीड स्टीलच्या बिटाला माइल्ड स्टीलमध्ये २५ ते ३० मीटर चालतात, बिडात साधारण २०, पितळेत ४५ ते ६०, अ‍ॅल्युमिनियममध्ये ६० च्या वर. ३०४ मध्ये मात्र फक्त १० ते १२. म्हणजे १० च्या बिटाला माइल्ड स्टीलमध्ये सुमारे ८०० फेऱ्या आणि स्टेनलेसमध्ये जेमतेम ३२०. आमच्या मशीनचा बेल्ट १४०० फेऱ्यांच्या पुलीवर होता. चौपटीहून जास्त! त्या वेगाला कोबाल्टचं बिटही टिकलं नसतं.

कोबाल्टबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते इथे लिहितो, कारण याच एका मुद्द्यावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. एम-३५ जातीच्या पोलादात साधारण ५ टक्के कोबाल्ट असतं, एम-४२ मध्ये ८. त्यानं बिट तापल्यावरही कडक राहतं, म्हणून स्टेनलेसमध्ये ते खरंच उपयोगी आहे. पण तेवढंच ते ठिसूळही होतं. हातातल्या ड्रिल मशीनमध्ये मनगट जरा वाकडं झालं की बारीक मापाचं कोबाल्ट बिट तुटतं. सोनेरी बिट टायटॅनियमचं नसतं. आत तेच हायस्पीड स्टील, वर टायटॅनियम नायट्राइडचा काही मायक्रॉनचा थर. थर चांगला असेल तर घर्षण कमी होतं, बिट जास्त भोकं देतं. पण एकदा ग्राइंडरवर धार लावली की टोकाच्या पृष्ठावरचा थर गेला, फ्लूटमध्ये तेवढा राहिला. आतलं पोलादच हलकं असेल तर वरच्या सोन्याचा उपयोग शून्य. सॉलिड कार्बाइड तर हातातल्या मशीनला लावूच नये. ताठ मशीन आणि घट्ट बांधलेला जॉब असेल तरच ते टिकतं.

स्टेनलेसचा खरा स्वभाव कोणी समजावून सांगितला नव्हता, तो तुम्ही सांगितलात. ३०४ ला कापलं तर तो कापला जातो, पण नुसतं घासलं तर घासलेली जागा आणखी कडक होते. म्हणजे हलक्या हातानं, भीत भीत, बिट टेकवून ठेवलं की आपणच आपल्या पुढे कडक कातडं तयार करतो. पुढची फेरी त्या कातड्यावर, त्याच्या पुढची त्याहून कडक कातड्यावर. म्हणून वेग कमी आणि दाब ठाम. १० च्या बिटाला एका फेरीला साधारण ०.१२ मिलिमीटर खाली जाऊ द्यायचं. ३२० फेऱ्यांना मिनिटाला ३८ मिलिमीटर झाले. पट्टी ६ ची, त्यात ११८ अंशाच्या टोकाची उंची व्यासाच्या ०.३ पट म्हणजे ३ मिलिमीटर, एकूण ९. भोक पंधराएक सेकंदांत आरपार व्हायला हवं. आम्ही एकेका भोकावर चार-चार मिनिटं झगडत होतो! मध्ये थांबायचं नाही, थांबायचंच असेल तर बिट पूर्ण वर उचलायचं. टेकवून फिरवत ठेवणं सगळ्यात वाईट.

जे भोक अर्ध्यावर कडक होऊन बसलं होतं ते तुम्ही टाकून दिलं नाहीत. पट्टी उलटी केलीत, त्याच मध्यावर दुसऱ्या बाजूनं पंच मारलात आणि न घासलेल्या, मऊ बाजूनं बिट उतरवलंत. कडक थर शेवटी राहिला तेव्हा दाब सोडला नाहीत, थराच्या खालून कापत त्याला पाडलंत.

पाण्याचंही तसंच. पाणी थंड करतं, पण वंगण देत नाही. दुधाळ दिसणारं सोल्युबल ऑइल दोन्ही करतं आणि माइल्ड स्टीलला ते पुरतं. स्टेनलेसला गंधकाचं कटिंग ऑइल, तेही बिट टेकण्याआधी थेंबभर, धूर निघाल्यावर नाही. बीड कोरडंच कापायचं.

पायलट भोकाची, म्हणजे मोठ्या भोकाआधी पाडायच्या छोट्या भोकाची, माझी समजूतही उलटीच होती. ३, मग ५, मग ७, मग १०, असं पायरीपायरीनं जाणं म्हणजे काळजी घेणं, असं वाटायचं. तुम्ही १० च्या बिटाचं टोक भिंगाखाली धरलंत आणि दोन धारांना जोडणारी मधली आडवी कड दाखवलीत. ती कापत नाही, धातू नुसता चिरडून बाजूला ढकलते. हाताला जो जोर लागतो त्याचा मोठा वाटा तिचा. पायलट भोक फक्त तिला मोकळी जागा द्यायला. या मापाच्या बिटाला ती कड दीड-दोन मिलिमीटरची असते, म्हणून ३ चं एकच पायलट पुरे. त्याहून मोठं भोक आधी पाडलं तर नव्या बिटाचे फक्त बाहेरचे कोपरे कापतात, सगळी उष्णता त्यांच्यावर येते, बिट थडथडतं आणि कोपरे झडतात. झडलेले कोपरे हीच आमच्या दुसऱ्या बिटाची गत होती. १३५ अंशाचं स्प्लिट पॉइंट असेल तर ही कड मुळातच छोटी केलेली असते, ते सरकतही नाही, आणि बहुतेक वेळा पायलटची गरजच पडत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे ती.

तुम्ही ते जळकं बिट ग्राइंडरवर नेलंत. आधी निळा पडलेला सगळा भाग काढलात, खाली पांढरं पोलाद दिसेपर्यंत. कारण पाणी उतरलेल्या भागावर कितीही सुंदर धार लावा, पहिल्याच भोकात ती बसते. मग बिटाचा दांडा चाकाच्या तोंडाशी ५९ अंशात, म्हणजे ११८ च्या निम्म्यात, धार आडवी, चाकाला हलकेच टेकवून दांड्याचं मागचं टोक थोडं खाली. धारेपासून सुरुवात, टाचेवर, म्हणजे धारेमागच्या शेवटच्या कडेवर, शेवट. धारेमागचा भाग ८ ते १२ अंश उतरता. उतार कमी पडला तर टाच आधी टेकते आणि बिट कितीही दाबा, आत जात नाही. जास्त झाला तर धारेला आधार राहत नाही, ती कपच्या टाकते आणि बिट धातूत अडकून हिसका देतं. उतार बरोबर आहे का, हे मधली कड सांगते. ती धारेशी १२० ते १३५ अंशांत तिरपी दिसली पाहिजे. काटकोनाकडे झुकलेली दिसली की उतार अपुरा. दोन घासांमध्ये बिट कोमट असतानाच पाण्यात बुडवायचं. लालबुंद करून एकदम बुडवलं तर धारेत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात.

अशी एक धार तुम्ही पुरी केलीत. आणि मग दुसरी लावण्याआधी थांबलात, बिट फडक्यानं पुसलंत, आणि माझ्या हातात दिलंत. "ही बघून तिच्यासारखी करा," एवढंच म्हणालात.

ताई, दोन्ही धारा तुम्ही लावल्या असत्या तर मिनिटभराचं काम होतं. आठ भोकं झाली असती, आभार मानून विषय संपला असता, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तुमच्या दारात. दोन्ही माझ्यावर सोडल्या असत्या तर काय बरोबर आणि काय चूक, हे कळायला समोर काहीच नसतं. एक पुरी आणि एक बाकी, यात शिकवणं पुरं होतं. दुसऱ्या धारेचं माप पहिलीच आहे. तोच कोन, तीच लांबी, तोच उतार. टोक मध्यापासून जितकं सरकेल त्याच्या साधारण दुपटीपर्यंत भोक मोठं होतं, म्हणजे ०.२ ची चूक झाली तर १० चं भोक १०.४ होऊ शकतं. बोल्टसाठी ते खपून जाईल, आटे पाडायचे असतील तर नाही. एम-८ ला, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टला, ६.८ चं भोक लागतं, एम-१० ला ८.५ चं, म्हणजे बोल्टच्या व्यासातून आट्यांचं अंतर वजा केलेलं माप. तिथे ०.४ जास्त झालं की आटे उथळ पडतात आणि बोल्ट आवळताना सुटतात. बिटावर ६.८ कोरलेलं आहे म्हणून भोक ६.८ चं होईलच असं नाही, हे त्या दुसऱ्या धारेनं शिकवलं.

तिसऱ्या प्रयत्नाला कोन मापायच्या गेजमध्ये दोन्ही बाजू सारख्या बसल्या. तुम्ही तोवर काहीच बोलला नाहीत, हात पुढे केला नाहीत, घड्याळ पाहिलं नाहीत. दुसऱ्याच्या चुकणाऱ्या हाताकडे शांतपणे बघत उभं राहणं किती अवघड असतं, हे काम येणाऱ्यालाच ठाऊक. ज्याला येतं त्याचे हात शिवशिवतात. स्वतःचं कसब जपून ठेवणारे खूप दिसतात, आणि ते वाटताना समोरच्याला लहान करणारेही. तुम्ही कसब वाटलंत आणि मान खाली घालायची वेळ आणली नाहीत. माणसानं माणसाशी असं वागावं ही काही मोठी अपेक्षा नाही, तरी ती इतक्या क्वचित पुरी होते की पुरी झाली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

मशीन सुरू करण्याआधी हातमोजे काढायला लावलेत, तेही लक्षात आहे. फिरत्या बिटात मोजा गुंतला की तो हातासकट ओढला जातो. पट्टी हातानं न धरता क्लँपनं बांधलीत आणि खाली लाकडाचा ठोकळा दिलात. आरपार होण्याच्या क्षणी बिट स्क्रूसारखं धातूला वर ओढतं, म्हणून शेवटच्या मिलिमीटरला हाताची धाव आवरायची. पितळेत ही ओढ आणखी जास्त. त्यासाठी धारेची पुढची कड दगडावर किंचित सपाट करायची, दांड्याला समांतर. पितळेचं बिट वेगळं ठेवा, असं तुम्ही सांगितलंत, ते आता वेगळ्या डबीत आहे. पातळ पत्र्याला साधं बिट नकोच, भोक तिकोनी होतं. तिथे स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं शंकूसारखं बिट.

आठही भोकं झाली. त्याच जळक्या, पुन्हा धार लावलेल्या, साध्या हायस्पीड स्टीलच्या बिटानं. शेवटच्या भोकातून निघालेली दोन वेटोळी, दोन्ही सारखी, चांदीच्या रंगाची, तुमच्याच त्या पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवली आहेत. भेट होईल तेव्हा आणतो.

एक विचारायचं राहिलं. ३ मिलिमीटरच्या खालच्या बिटाला हातानं धार लावताना मधली कड दिसतच नाही, आणि चाकावर एक घास जास्त झाला की टोक मध्यावरून सरकतं. तुम्ही ती दगडावर लावता का? सवडीनं दाखवलंत तर पहिली धार तुम्ही लावा, दुसरी मी लावतो.

तुमचा कृतज्ञ