देवमाशाचा उपास आणि उपासमार

महोदय,

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मरून पडणाऱ्या करड्या देवमाशांविषयीचे (ग्रे व्हेल) आपले वृत्त वाचले. हिवाळाभर खायला न मिळाल्याने ते मेले, असा त्याचा सूर आहे. पण हिवाळ्यातला उपास या प्राण्याला नवा नाही. अलास्काजवळच्या बेरिंग आणि चुकची समुद्रांपासून मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या खाजणांपर्यंतची येरझार १६ ते २० हजार किलोमीटरची असते आणि त्या काळात तो जवळपास काहीच खात नाही. सगळी भिस्त आदल्या उन्हाळ्यातल्या चरबीवर. तेव्हा चौकशी त्या उन्हाळ्याची व्हायला हवी.

इतर बॅलीन देवमासे (दातांऐवजी तोंडात गाळणीसारखी झालर असणारे) मुख्यतः पाण्यात तरंगणारे खाद्य गाळून घेतात, हा बहुतेक वेळा तळाचा चिखलच उपसतो. उथळ समुद्राच्या तळाशी जाऊन तो कुशीवर वळतो, बहुधा उजव्या. जीभ मागे ओढली की गालाच्या कडेने चिखल तोंडात येतो. मग पाणी आणि माती झालरीतून बाहेर जाते आणि आत उरतात अँफिपॉड, म्हणजे चिखलात नळ्या बांधून राहणारे, जेमतेम बोटाच्या पेराएवढे कोळंबीचे दूरचे नातलग. असे दिवसाला सुमारे एक टन. झालर आखूड, जाड, पिवळसर असते. उजवीकडची जास्त झिजते आणि त्या गालावर बार्नॅकलही (कातडीला चिकटून राहणारे कवचधारी जीव) कमी असतात, घासून निघतात म्हणून. (मोजके देवमासे डावखुरे असतात, त्यांचे सगळे उलटे.)

या अँफिपॉडना अन्न वरून येते. समुद्री बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ वाढते, वसंतात बर्फ वितळला की ते तळाला बसते. बर्फ लवकर गेला तर वाढ मोकळ्या पाण्यात होते, ती वरचे प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) फस्त करतात आणि तळाला कमी पोचते. प्रवाह जोर धरून बारीक गाळ वाहून गेला, तर नळ्या बांधायला जागाही राहत नाही. उलट बर्फ फार रेंगाळला तर कुरणात शिरायलाच उशीर होतो. त्यामुळे ‘बर्फ कमी म्हणजे चरायला जास्त दिवस’ हे गणित अर्धेच खरे.

उपाशी देवमासा ड्रोनच्या छायाचित्रातही ओळखू येतो. श्वासरंध्रामागे मानेवर खळगा पडतो, खांद्याची हाडे वर येतात, पाठीचा कणा धारेसारखा दिसतो. असे प्राणी खाद्याच्या शोधात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरासारख्या वर्दळीच्या जागी शिरतात आणि जहाजाखाली येतात. मग नोंद होते ‘जहाजाची धडक’. ती खोटी नाही, अपुरी आहे. मृतदेह किती रोड होता हेही बातमीत यावे.

डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०२३ या काळात मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांवर ६९० करडे देवमासे मेलेले आढळले. बहुतेक मृतदेह किनाऱ्याला लागतच नाहीत, म्हणून हा आकडा एकूण मृत्यूंचा समजू नये. २०१६ च्या सुमारास २७ हजारांवर असलेली पूर्व पॅसिफिकमधली संख्या २०२५ मध्ये सुमारे १३ हजारांवर आली. मधे एकदा वाढ दिसली होती, ती टिकली नाही. माझ्या मते पिल्लांच्या मोजणीकडे जास्त लक्ष द्यावे. गर्भ सुमारे १३ महिने वाढवायचा, वर निम्म्याहून अधिक स्निग्धांशाचे दूध उपाशीपोटी पाजायचे, हा खर्च मादीच्या चरबीतूनच निघतो. साठा कमी पडला की गर्भच राहत नाही किंवा टिकत नाही.

जाता जाता, वृत्तासोबतच्या छायाचित्रातील प्राण्याच्या पाठीवर पर दिसतो. करड्या देवमाशाला तो नसतो, शेपटीकडे जाणारी गाठींची ओळ असते. चित्र हंपबॅक या दुसऱ्या जातीच्या देवमाशाचे असावे.

– एक वाचक