खाट मिळाली तिथं झोपलो, साहेब

गेवराई, २ ऑगस्ट २०२१

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स. न. वि. वि.

मिस्टरांच्या उपचारांचा खर्च मिळावा म्हणून तुमच्याकडं अर्ज केला होता, त्याच्या उत्तराचं पाकीट परवा पोस्टमन देऊन गेला. "सदर रुग्णालय योजनेअंतर्गत अंगीकृत नसल्याने खर्चाची प्रतिपूर्ती अनुज्ञेय नाही." अनुज्ञेय म्हणजे काय, ते मुलाला विचारलं. यंदा परीक्षा न देताच दहावी पास झालाय तो, तुमच्याच कृपेनं. म्हणाला, "आई, पैसे मिळणार नाहीत." त्याला जे दोन सेकंदांत सांगता आलं, ते कळवायला तुमच्या कार्यालयाला सात आठवडे लागले.

एप्रिलमध्ये मिस्टरांना कोविड झाला. बीडमध्ये ऑक्सिजनची खाट नव्हती. दिरानं रात्रभर फोन केले, दीड वाजता औरंगाबादच्या एका खासगी रुग्णालयात खाट मिळाली. हे रुग्णालय सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत अंगीकृत, म्हणजे यादीत, आहे का, ते तेव्हाच विचारायला हवं होतं म्हणे. ऑक्सिजन ८२ होता, साहेब. गोठ्यात सिलिंडर असता तर गोठ्यात नेलं असतं.

बरे होऊन घरी आले आणि दहा दिवसांत डावा गाल बधिर झाला, नाकातून काळपट पाणी यायला लागलं. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. साखर आधीची, त्यात स्टेरॉइड. घरी सोडताना साखर मोजत राहा असं कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तालुक्याला साखर तपासायच्या पट्ट्या नव्हत्या.

फाइल तिथंच होती म्हणून पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. त्याच आठवड्यात, १८ मेला, शासनाचा निर्णय आला: म्युकरमायकोसिसवर योजनेतून मोफत उपचार, त्यावरच्या अँफोटेरिसिन औषधासकट. व्हॉट्सअॅपवर वाचून मी रडले. केशरी कार्ड घेऊन काउंटरवर गेले, योजनेचे आरोग्यमित्र कुठं बसतात विचारलं. ती पोरगी गोंधळून म्हणाली, "मावशी, ते यादीतल्या हॉस्पिटलला असतं." यादीत राज्यभरातली १३१ रुग्णालयं आहेत असं टीव्हीवर ऐकलं. मी काही मोजली नाहीत. जिथं फोन लागला तिथून उत्तर आलं, तीन दिवसांनी खाट रिकामी होईल. बुरशी तीन दिवस थांबत नाही. डोळा काढावा लागला.

अँफोटेरिसिनच्या रोज सहा कुप्या लागायच्या. एका कुपीला साडेसहा हजार, कधी सात. असे चौदा दिवस. हिशेब तुम्हीच करा, मी करून थकले. पाटल्या मोडल्या, पिठाची गिरणी गहाण टाकली. आणि त्याच मे महिन्यात गडकरीसाहेब सांगत होते की वर्ध्यात अँफोटेरिसिन १२०० रुपयांत बनतंय! वर्धा महाराष्ट्रातच आहे ना अजून?

मला एवढंच कळत नाही, सवलत आजाराला आहे की इमारतीला? २०२० च्या मे महिन्यात खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा तुमच्या सरकारनं ताब्यात घेतल्या. दर ठरवले: दिवसाला वॉर्डचे ४०००, व्हेंटिलेटरचे ९०००. त्यातूनही महागडी औषधं बाहेर ठेवलीत, ते सोडा. म्हणजे खाट सरकारची, दर सरकारचा, आणि औषधाची वेळ आली की रुग्णालय खासगी? योजना राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली केली, हजार रुग्णालयं जोडली, असं तुम्हीच सांगत होता. सगळ्यांसाठी म्हणजे सगळ्यांसाठीच ना? की ज्याला खाटसुद्धा यादी बघून मिळते, त्याच्यासाठी?

कोविडच्या रेमडेसिविर इंजेक्शनचंही तेच. १७ एप्रिलला किमती उतरल्या तेव्हा एका कंपनीची कुपी ८९९ ला आणि दुसरीची ३४९० ला. औषध एकच. आम्हाला कुठली मिळाली ते सांगायलाच नको.

आता रागानं लिहितेय, माफ करा. नाही, माफ नका करू. आमदारांच्या दवाखान्याच्या बिलांना लागते का हो अंगीकृत यादी? २०१७ चं राष्ट्रीय आरोग्य धोरण म्हणतं, जीडीपीच्या अडीच टक्के आरोग्यावर खर्च करू. चार वर्षं झाली, निम्म्यावर तरी पोचलात का? त्याच वर्षी या योजनेचं नाव मात्र बदलून झालं. राजीव गांधी गेले, महात्मा फुले आले. पाटी बदलायला निधी लगेच मिळतो. जोतिबांचं नाव लावलंय, प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन धावली ती सावित्रीबाई त्यांच्याच घरची. तिनं विचारलं होतं का, पोरा, तू अंगीकृत आहेस का म्हणून?

मागणी सांगायची राहिली. ज्याला कोविडची खाट यादीबाहेर मिळाली, त्याचा म्युकरचा औषधखर्च योजनेच्या दरानं तरी द्या. सगळा नको. आणि नकार द्यायचाच असेल तर मराठीत द्या.

बिलांच्या झेरॉक्स पुन्हा जोडल्या आहेत, ४७ पानं. सतरावं पान फिकट आलंय, मूळ बिल सावकाराकडं आहे. झेरॉक्सचे ९४ रुपये झाले. तेही अनुज्ञेय नसतील.

आपली,
एक गिरणीवाली
ता. गेवराई, जि. बीड