आरोग्य सचिव, त्या पुडीत काय होते?

माननीय आरोग्य सचिव, हाँगकाँग,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात कणकण आली, अंगात हुडहुडी भरली. घराजवळच्या एका दुकानाने चिनी काढ्याची पुडी हातात ठेवली. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे सांगितले होते. "झाडपाला आहे, अपाय नाही," हे उत्तर. रात्री छाती अशी धडधडू लागली की रुग्णालय गाठावे लागले. कुडकुडत, कानात ठोके ऐकत, एसीखाली बसून राहिले. शेजारणीने नंतर पाकीट वाचून दाखवले: मा हुआंग. म्हणजे रक्तदाब आणि छातीचे ठोके वाढवणारे इफेड्रिन असलेली वनस्पती! अमेरिकेने 2004 सालीच ही वनस्पती पूरक आहारातून हद्दपार केली. पाकिटावर इंग्रजीचे एक अक्षर नाही. इंग्रजी इथली राजभाषा आहे म्हणे. आपत्कालीन विभागाची फी मात्र 180 ची 400 डॉलर झाली. अभिनंदन.

पुरावा विचारला की अठराशे वर्षांची परंपरा तोंडावर फेकली जाते. प्राचीन चिनी वैद्य झांग झोंगजिंगने घाम न येता थंडी वाजणाऱ्याला मा हुआंगचा काढा सांगितला, मान्य. त्याचे रुग्ण रक्तदाबाच्या गोळ्या घेत नव्हते. सर्दीवरच्या चिनी वनौषधींचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला: 17 चाचण्या, तीन हजारांवर रुग्ण, आणि दर्जा इतका सुमार की खात्रीने काही सांगता येत नाही. 2011 मध्ये स्वाइन फ्लूच्या 410 रुग्णांवरची चाचणी छापून आली. काढ्याने ताप काही तास लवकर उतरला खरा, पण तुलनेसाठी दुसऱ्या गटाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ मात्रा, दिलीच नव्हती.

आणि मला परंपरेची शत्रू ठरवू नका. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांनी हिवतापावर चिंगहाओ या वनस्पतीची जुनी नोंद वाचली आणि तिला नमस्कार करून थांबल्या नाहीत. अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, स्वतः घेतला, मग रुग्णांना दिला. 2015 चे नोबेल त्या तपासण्याला आहे. आणि तुम्ही? 2022 मध्ये करोनाच्या साथीत घरोघरी लियानहुआ छिंगवेन हे चिनी वनौषध वाटले. त्यातही मा हुआंग! करोनावर त्याचा पुरावा नाही, असे सिंगापूरच्या नियंत्रकांनी आधीच सांगितले होते. बीजिंगने तर 2018 मध्ये जुन्या ग्रंथांतल्या शंभर औषधयोगांना रुग्णचाचणीच माफ केली. आमच्या भारतातही ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला हीच सवलत. सरकारे एकमेकांशी भांडतात. पुरावा टाळताना मात्र सख्खी भावंडे!

मा हुआंग असलेल्या प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत, ठळक अक्षरांत, रक्तदाब आणि हृदयविकाराचा इशारा छापायला लावा. कधीपासून, ती तारीख कळवा. "विचाराधीन आहे" हे उत्तर नको.

आपली,
हाँगकाँगची एक करदाती