चि. ऋता हिस, नव्या नोकरीनिमित्त

गंगापूर रोड, नाशिक

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

ऑफर लेटर वाचलं. आईने ते देवापुढे ठेवलं आणि लगेच सटाण्याच्या मावशीला फोन लावला. मला किती आनंद झालाय ते तुला वेगळं सांगायला नको. पण "बाबा, एवढ्या मोठ्या परदेशी फर्ममध्ये माझं काम कुणाला दिसणार?" असं तू विचारलंस, त्याबद्दल निवांत लिहावंसं वाटलं.

कॉलेजात होतीस तेव्हापासून तू एसओएमचं, म्हणजे स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकन आर्किटेक्चर फर्मचं, नाव घेतेस. स्किडमोर आणि ओविंग्ज या दोघा मेव्हण्यांनी ती १९३६ मध्ये शिकागोत काढली. तीन वर्षांनी मेरिल आला, तो आर्किटेक्ट होता आणि इंजिनिअरही. फर्म खरी वाढली ती इथून, असं माझं मत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतलं ओक रिज हे आख्खं गुप्त शहर आखायचं काम त्यांच्याकडे आलं.

मला त्यांच्यातला सगळ्यात जवळचा वाटतो तो स्ट्रक्चरल इंजिनिअर फझलूर खान. ढाक्याचा मुलगा, १९५५ मध्ये तिथे लागला. इमारत उंच होत जाते तसा वजनापेक्षा वाऱ्याचा आडवा जोर छळायला लागतो आणि स्टील भरमसाट वाढतं. खानने कॉलम बाहेरच्या कडेला जवळजवळ आणले आणि इमारतीचीच पोकळ नळी केली. शिकागोचा सिअर्स टॉवर (आता विलिस टॉवर) म्हणजे अशा नऊ चौकोनी नळ्यांची मोळी. त्यातल्या काही पन्नासाव्या मजल्यावरच थांबतात, दोनच ११० मजले गाठतात. बाहेरून जे रूप दिसतं तेच आतलं स्ट्रक्चर! ब्रूस ग्रॅहम हा आर्किटेक्ट आणि खान, दोघांचं मिळून ते काम. खान १९८२ मध्ये गेला, फर्म थांबली नाही. २०१० मध्ये ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा त्यांचाच.

आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे इमारतीच्या काँक्रीटच्या सांगाड्याचं डिझाइन करणारा, म्हणून मी याच्या उलट रोज बघतो. आर्किटेक्टचा प्लॅन मेलवर येतो, मी कॉलम बसवतो, प्लंबर सगळ्यात शेवटी येतो. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा साचा, निघाल्यावर कळतं की टॉयलेटची चार इंची लाइन बीममधूनच न्यावी लागणार. मग ब्रेकर लागतो, सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर फुटतं, आतली सळईची रिंग उघडी पडते. बघताना जीव तुटतो. तिघं तासभर एका टेबलाशी बसली असती, तर स्लॅब भरायच्या आधी पाइपसाठी जागा राखणाऱ्या एका स्लीव्हवर भागलं असतं.

मुंबईत गेलीस की विमानतळाचं टी-टू बघून ये, तेही एसओएमचंच. चेक-इन हॉलमधले कॉलम वर जाता जाता पसरतात आणि छतात मिसळतात. कॉलम कुठे संपला ते सांगता येत नाही. असं ड्रॉइंग एकट्या आर्किटेक्टच्या हातून होत नसतं.

तेव्हा काम दिसेल की नाही याची चिंता नको. रुजू झालीस की स्ट्रक्चरवाले कुठे बसतात ते आधी विचार, त्यांच्याकडे चहाला जात जा. सुरुवातीला रेंडरला, म्हणजे इमारतीची कॉम्प्युटरवर चित्रं करायला, बसवतील, तेही मन लावून कर. साइटवर कोण जाणार असं विचारलं, की तू पुढे हो. आपल्याकडे थोडं खोदलं की काळा दगड लागतो, त्यामुळे मला पाइलचं, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या पायाच्या खांबांचं, काम फारसं करायला मिळालं नाही. तिथे भरावाच्या जमिनीत पाइल किती खोल नेतात, कुठे थांबवायचं ते कसं ठरवतात, हे नीट समजून घे आणि मला सविस्तर लिही. मला ते शिकायचंय.

तुझे,
बाबा