दिन्या, नवीन पेज काढू नकोस

देवरुख,
१२ एप्रिल

प्रिय दिन्या,

काल तुझा फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "काय झालं रे दिनूला, एवढा ओरडत होता?" म्हटलं, "त्याचं पेज बंद झालं." तर म्हणते, "मग सकाळी खातो काय?" तिला समजावता समजावता माझी अर्धी रात्र गेली. पण ऐन एप्रिलात, आंब्यांसाठी पेंढा आणून ठेवलेला, पेट्या ठोकून तयार, आणि सोशल मीडियावरच्या ज्या पेजवर ऑर्डरी येतात तेच दार बंद, हे म्हणजे चुलीवरचं भांडंच उचलून नेल्यासारखं आहे. तुझं ओरडणं मला कळतं.

आधी दोन गोष्टी करू नकोस. रागाच्या भरात दुसरं खातं काढू नकोस. बंदी चुकवायला काढलंय असं त्यांना वाटलं की तेही जातं आणि पहिल्याची बाजू आणखी पडते. आणि तुझ्या भाच्याच्या ओळखीचा तो 'दोन हजारांत खातं उघडून देतो' वाला, त्याला ओटीपी तर सोडच, नंबरसुद्धा देऊ नकोस. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लाव.

माझं गेल्या वर्षीचं तुला अर्धवटच माहीत आहे. बाबांच्या भट्टीतल्या विळ्या-कोयत्यांचे फोटो मी टाकायचो. एकदा नारळाशेजारी कोयता ठेवला आणि वर लिहिलं, 'एकाच घावात काम तमाम.' तिसऱ्या दिवशी खातं बंद. कारण काय, तर शस्त्रविक्री! पहिली नजर यंत्राची असते. त्याला कोयता दिसतो, नारळ दिसत नाही. माझा संशय मात्र त्या ओळीवरच आहे, शहाणपणा नडला.

मग मी अपील केलं. चाळीस ओळी. आमच्या तीन पिढ्या, बाबांचे भाजलेले हात, अन्याय, सगळं. चहा निवायच्या आत नकार आला. अ‍ॅपमधली अपिलाची वाट तिथेच संपली. पण आपल्याकडे २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांनुसार अशी पेजं चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, मोठ्या कंपन्यांचा तर भारतातच राहणारा. त्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये द्यावाच लागतो. मला तो शोधायला तासभर लागला, इतका तळाशी होता. मूळ नियमात २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल असं होतं. त्याला मी पाचच ओळी लिहिल्या: खात्याचं नाव, बंद झाल्याची तारीख, त्यांनी दिलेलं कारण, 'फोटोतली वस्तू नारळ सोलायचा कोयता आहे, शेतीचं अवजार म्हणून विकतो', आणि दुकानाच्या परवान्याची प्रत. शेवटी, 'ओळ चुकीची होती, काढायला तयार आहे.' अकराव्या दिवशी खातं उघडलं. बाबांचे भाजलेले हात कुठेच नव्हते त्यात.

आता तुझं. तुझ्या मेलमध्ये 'स्पॅम' लिहिलंय ना? तो मेल खरा आहे का ते अ‍ॅप उघडून ताडून बघ. मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नकोस. पडद्याचे फोटो काढून ठेव, तारखेसकट. आणि राग मानू नकोस, पण तूच सांगितलंस की एकच मजकूर तीनशे जणांना एका दुपारी पाठवलास आणि खातं पावसला तू, पुण्यात भाचा, ठाण्यात वहिनी असं तिघांनी एकाच दिवशी उघडलं. माणसालाही ते चोरीचं वाटलं असतं. म्हणून नाकबूल जाऊ नकोस. लिही: 'हंगामाच्या सुरुवातीला जुन्या गिऱ्हाइकांना एकच संदेश पाठवला. खातं तीन जागी घरच्याच माणसांनी उघडलं. यापुढे एकाच फोनवरून चालवू.' शेतीचा सातबारा आणि तुझं ओळखपत्र जोड. वाचणारा परका आहे, त्याच्यापुढे अशाच शेकडो तक्रारी असणार. अर्ध्या मिनिटात त्याला तपासता येईल तेवढंच दे. आणि तेच अपील दहादा पाठवू नकोस, तोही स्पॅमच.

अधिकाऱ्यानेही नाही म्हटलं तर त्याचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या. सगळं ऑनलाइन, जीएसी डॉट गव्ह डॉट इन वर. म्हणून अधिकाऱ्याकडून मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेव. पण तिथला निकाल येईपर्यंत आंबा थांबणार नाही, म्हणून जुनी वही काढ. नंबर आहेत त्यात? मग आजपासून एकेकाला फोन लाव. गेल्या वर्षी मला त्या अकरा दिवसांत सर्वांत जास्त विळ्या फोनवरच गेल्या होत्या.

मसुदा लिहिलास की आधी मला पाठव, रागाच्या ओळी मी खोडतो. माझ्या दोन पेट्या धर. आईला पायरीच हवाय, हापूस नको म्हणते.

तुझा,
बंड्या