तीन ओळींच्या एररला शून्य मार्क काहून?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मानेवाडा रोडला घरातल्याच एका खोलीत कॉम्प्युटरचे क्लास घेते, सतरा वर्षं झाली, बीसीए, बीएस्सी, डिप्लोमाची पोरं येतात, सी शिकवते आणि आता काही वर्षांपासून पायथन, दोन्ही प्रोग्रॅमिंगच्या भाषा. पत्र लिहायचं कारण म्हणजे माझ्याकडचा एक पोरगा, वाडीहून दोन बस बदलून येतो, त्याला यावेळच्या प्रॅक्टिकलमध्ये मिनी प्रोजेक्टला शून्य मिळालं. दहापैकी शून्य. कॉलेजचं नाव मी घेत नाही, कारण हे त्या एकाच कॉलेजात होतं असं नाही, आणि माझं भांडण कोणाशीच नाही. पण जे झालं ते चूक झालं असं मला मनापासून वाटतं आणि ते कुठेतरी छापून यावं असंही वाटतं.

त्याने काय केलं होतं ते आधी सांगते. त्याने एक फाइल बनवली, फक्त तीन ओळींची. ती पायथनला चालवायला दिली की पायथन चिडतो आणि एरर देतो. आणि ती एरर म्हणजे अक्षर न् अक्षर तीच फाइल. फाइलमध्ये जे लिहिलंय तेच पायथन एरर म्हणून परत छापतो, स्पेससकट. बाहेरून परीक्षा घ्यायला आलेल्या एक्स्टर्नल सरांनी स्क्रीनकडे बघितलं, म्हणाले, "अरे बाबू, एरर येऊन राहिली ना, तुझा प्रोग्रॅम तर चालतच नाही", आणि जर्नलच्या पानावर लाल पेनाने आडवी रेघ ओढली. पोरगा सांगायला गेला की सर एरर येणं हेच यात आहे, तर पुढचा रोल नंबर बोलावला गेला. रात्री माझ्याकडे आला तर डोळे भरलेले.

आता वाचकांना वाटेल की एरर आली तर त्यात काय मोठं, रोजच येते. म्हणून जरा नीट सांगते, थोडं लांबेल, पण सांगणं भाग आहे.

आधी साधा प्रकार बघा. जो प्रोग्रॅम चालवला की स्वतःचंच सोर्स, म्हणजे जसा लिहिलाय तोच मजकूर, छापतो, स्वतःची फाइल उघडून न वाचता, त्याला क्वाइन म्हणतात. हे नाव डग्लस हॉफस्टॅटर यांनी 1979 साली दिलं, विलार्ड क्वाइन या हार्वर्डच्या तत्त्वज्ञांवरून. ऐकायला अशक्य वाटतं, कारण छापायचा मजकूर प्रोग्रॅममध्ये टाकला की प्रोग्रॅम मोठा झाला, मग तो मोठा झालेला भाग पण छापायला हवा, मग अजून मोठा, संपतच नाही. यातली युक्ती मी वर्गात मराठीत फळ्यावर लिहून दाखवते: पुढच्या अवतरणातलं आधी साधं लिही, मग अवतरणासकट लिही: "पुढच्या अवतरणातलं आधी साधं लिही, मग अवतरणासकट लिही:" आता हे वाक्य सांगतं तसं करून बघा कागदावर. जे लिहून होईल ते हेच वाक्य. एकच मजकूर दोनदा वापरला, एकदा हुकूम म्हणून, एकदा नुसता माल म्हणून, एवढंच त्यातलं मर्म. आणि अशी गोष्ट पूर्ण ताकदीच्या कुठल्याही प्रोग्रॅमिंग भाषेत करता येतेच येते, हे स्टीफन क्लीनी या गणितज्ञांनी 1938 साली सिद्ध केलेल्या प्रमेयातून निघतं, तेव्हा तर आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो तो झालाही नव्हता.

पण माझ्या पोराने केलं ते याहून वेगळं आहे. साध्या क्वाइनमध्ये प्रोग्रॅम चालतो आणि छापतो. इथे प्रोग्रॅम चालतच नाही, बोलतो तो कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं वाचून मशीनसाठी तयार करणारा, पायथनच्या बाबतीत त्याचा पार्सर, म्हणजे लिहिलेलं वाचून तपासणारा भाग म्हणा. म्हणजे मी असं काही लिहायचं की ते वाचून समोरचा जे ओरडेल ते शब्द माझ्या लिहिण्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत. समोरच्याच्या तोंडात मला शब्द घालता येत नाहीत, तो कसा ओरडतो ते मला आधी पक्कं माहीत असावं लागतं. चुकीची फाइल कोणीही बनवेल हो, पण बरोबर तीच चूक, त्याच ओळीवर, त्याच शब्दात, हे बनवायला एरर किती बारकाईने वाचावी लागते याचा विचार करा.

त्याच्या फाइलची पहिली ओळ दोन स्पेस सोडून सुरू होते: फाइल हा शब्द, मग अवतरणात फाइलचं नाव, मग स्वल्पविराम, लाइन 1. पायथनमध्ये पहिल्याच ओळीला उगाच आत सरकवलेलं चालत नाही, म्हणून तो तिथेच अडतो. अडला की तो काय छापतो? आधी दोन स्पेस सोडून फाइलचं नाव आणि लाइन नंबर. ही झाली पहिली ओळ, जुळली. मग खाली तो चुकलेली ओळ दाखवतो, पण तिच्या डावीकडचे स्पेस काढून स्वतःचे चार स्पेस लावून, म्हणून दुसरी ओळ म्हणजे पहिलीच ओळ पण चार स्पेस आत. आणि शेवटी इंडेंटेशन एरर, अनएक्सपेक्टेड इंडेंट. झालं, फाइलमध्ये पण याच तीन ओळी. पोराने प्रिंटआउटवर पेन्सिलीने एकेका स्पेसवर टिंब देऊन ते मोजले होते, दोन आणि चार, तो कागद आता माझ्याकडे आहे.

हे त्याला सुचलं कसं तेही सांगण्यासारखं आहे. त्याने आधी डोकं लावून लिहायचा प्रयत्न केला, जमेना. मग त्याने एक काम केलं, कशीतरी चुकीची फाइल घेतली, चालवली, जी एरर आली तीच त्या फाइलमध्ये सेव्ह केली, परत चालवली, परत आलेली एरर सेव्ह केली. शिंप्याकडे ब्लाउज टाकल्यावर ट्रायल घेतो ना, घाला, टाचणी लावा, उसवा, परत घाला, आणि एक वेळ अशी येते की टाचणी लावायला जागाच राहत नाही, तसं. दोन फेऱ्यांत ते बसलं, त्यानंतर कितीदाही चालवा, आत जे तेच बाहेर. याला गणितात फिक्स्ड पॉइंट म्हणतात, बीएस्सीच्या पोरांना न्यूमेरिकल मेथड्समध्ये हाच प्रकार आकड्यांवर करायला लावतात, तिथे त्याला पूर्ण मार्क असतात.

पहिल्यांदा मात्र त्याची फाइल पूर्ण कोरी झाली होती. कारण एरर ही साध्या आउटपुटच्या रस्त्याने येत नाही, तिचा वेगळा रस्ता असतो, स्टँडर्ड एरर, आणि तो वळवून फाइलमध्ये टाकायला कमांडमध्ये 2 आकडा आणि मोठेपणाचं चिन्ह, 2> असं, लावावं लागतं. त्याने तो वळवला थेट त्याच फाइलमध्ये. मग काय, शेल, म्हणजे आपण दिलेली कमांड चालवते ती, आधी ती फाइल रिकामी करते आणि मग पायथनला बोलावते, पायथनला दिसली कोरी फाइल, कोऱ्या फाइलमध्ये चूक कुठली, म्हणून एरर नाही, आउटपुट नाही, फाइलही कोरीच. पोरगा मला म्हणतो, "मॅडम, हे पण तर झालंच ना, आत काही नाही, बाहेर काही नाही." मी त्याला सांगितलं की 1994 साली सी भाषेच्या एका प्रसिद्ध जागतिक स्पर्धेत, जिथे मुद्दाम गुंतागुंतीचे प्रोग्रॅम मागवतात, तिथे खरंच कोणीतरी शून्य बाइटची फाइल हाच जगातला सगळ्यात छोटा क्वाइन म्हणून पाठवली होती आणि नियमांचा सगळ्यात वाईट गैरवापर म्हणून तिला बक्षीसही मिळालं होतं. पण आपण ते धरायचं नाही, तू भरलेली फाइल आण. आणि त्याने आणली.

परीक्षेच्या दिवशी आणखी एक झालं जे सरांच्या लक्षातच आलं नाही. त्याच्या घरी जुना लॅपटॉप आहे, त्यावरचा पायथन जुना, तो एररमध्ये टोपीसारखं एक चिन्ह वेगळ्या ओळीवर छापतो, म्हणून घरी त्याची फाइल चार ओळींची होती. लॅबमधला पायथन नवीन, तिथे या एररला ते चिन्ह येत नाही, आणि फाइलच्या नुसत्या नावाऐवजी फोल्डरसकट पूर्ण पत्ता छापून येतो. म्हणजे घरून आणलेली फाइल तिथे जुळली नाही. दुसरा असता तर रडला असता. याने शांतपणे आलेली एरर सेव्ह केली, परत चालवली, परत सेव्ह केली, आणि तिसऱ्या वेळी तीन ओळी तंतोतंत जुळल्या. ऐन परीक्षेत, सर मागे उभे असताना, व्हर्जन बदललं तर काय बदलतं हे त्याने ओळखलं आणि पाच मिनिटांत दुरुस्त केलं. कंपनीत जाऊन पोरांना हेच तर करायचं असतं ना?

सीमध्ये करून दाखव असं मी त्याला म्हटलं होतं, ते फार अवघड निघालं, आणि त्यात मला स्वतःला बरंच नवीन कळलं. पोरं व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या नोट्समधून प्रोग्रॅम कॉपी करतात आणि जीसीसी, म्हणजे सीचा कंपायलर, म्हणतो, स्ट्रे 342, स्ट्रे 200, तीन-तीन वेळा, आणि पोरं घाबरतात की हे आकडे कुठून आले. ते आकडे म्हणजे वळणदार अवतरणचिन्हाचे तीन बाइट, ऑक्टलमध्ये म्हणजे आठच्या पायावर लिहिलेले, साध्या सरळ चिन्हाऐवजी वर्डने घातलेले. आता गंमत बघा, जीसीसी स्वतःच्या एररमध्ये तशीच वळणदार चिन्हं वापरतो. म्हणजे त्याची एरर त्यालाच खायला दिली की त्या एकेका चिन्हामागे तीन एरर, त्या प्रत्येक एररमध्ये परत दोन वळणदार चिन्हं, पुढच्या फेरीत त्यांच्या परत तीन-तीन. रक्तबीजाची गोष्ट आहे ना, रक्ताचा एक थेंब पडला की नवा राक्षस, अगदी तसंच, चौथ्या फेरीला आम्ही नाद सोडला. टर्मिनलची भाषा बदलून साधी चिन्हं घेतली आणि पहिल्याच एररला थांब असं जीसीसीला सांगितलं की हे आवरतं, पण जुळवणं अजून बाकी आहे, पोरगा त्याच्या मागे आहे.

कोणी म्हणेल हे टाइमपास आहे. सरांनी पण तोच शब्द वापरला असं कळलं. तर केन थॉम्पसन, ज्यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्यात मोठा वाटा उचलला, त्यांना ट्युरिंग हा कॉम्प्युटर क्षेत्रातला मोठा पुरस्कार मिळाला आणि 1984 मध्ये त्यांचं त्या पुरस्काराचं भाषण छापून आलं, त्याची सुरुवातच त्यांनी इथून केली की कॉलेजात असताना आम्ही सगळ्यात छोटा स्वतःला छापणारा प्रोग्रॅम कोण लिहितो हे खेळायचो. आणि तिथून पायरी पायरीने ते दाखवतात की कंपायलरमध्येच चोरदरवाजा कसा लपवता येतो, असा की सोर्समध्ये शोधलं तरी सापडणार नाही, कारण कंपायलर स्वतःला कंपाइल करताना तो परत स्वतःच टाकतो. सिक्युरिटी शिकवणारे आजही ते भाषण वाचायला लावतात. आणि एररच्या बाबतीत सांगायचं तर 1994 मध्येच एर्विन उनरुह यांनी सी प्लस प्लस या भाषेचे नियम ठरवणाऱ्या कमिटीसमोर असा प्रोग्रॅम ठेवला जो कंपाइल होत नव्हता, पण त्याच्या एररमध्ये मूळ संख्या छापून येत होत्या, 2, 3, 5, 7 अशा. कंपायलर कंपाइल करता करता गणित करू शकतो हे लोकांना त्या न चालणाऱ्या प्रोग्रॅमने दाखवलं, आणि आज टेम्प्लेट मेटाप्रोग्रॅमिंग, म्हणजे कंपाइल होतानाच कंपायलरकडून काम करून घेणं, म्हणून जे शिकवतात त्याला तिथून जोर मिळाला. त्या दिवशी त्या कमिटीत कोणी लाल रेघ ओढली असती तर?

माझं म्हणणं एवढंच आहे की एरर हे पण आउटपुट आहे. आपल्याकडे प्रॅक्टिकलला मार्क असतात ते फक्त क्लीन आउटपुटला, म्हणून पोरं एरर दिसली की न वाचता पुसून टाकतात, शेजारच्याचं कॉपी करतात, नाहीतर पूर्ण प्रोग्रॅम परत टाइप करतात. काही लॅबमध्ये तर अजून निळ्या स्क्रीनचं टर्बो सी हे सीचं सॉफ्टवेअर आहे, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचं, त्यात "स्टेटमेंट मिसिंग ;" एवढंच येतं आणि पोरं सेमीकोलन शोधत बसतात. चूक असते वरच्या ओळीवर, दाखवतो खालची, कारण खालची ओळ वाचायला लागल्यावरच त्याला कळतं की वरची संपलीच नव्हती. एवढी साधी गोष्ट तिसऱ्या वर्षाच्या पोरांना सांगता येत नाही, मी दर वर्षी बघते. माझ्याकडे नवीन बॅच आली की पहिले आठ दिवस मी प्रोग्रॅम लिहू देत नाही, चुकलेले प्रोग्रॅम देते आणि एरर मोठ्याने वाचायला लावते, कोणती फाइल, कोणती ओळ, काय म्हणून राहिला तो. पालक येऊन विचारतात की मॅडम फी कशाची घेता, अजून एकही प्रोग्रॅम चालला नाही. मी त्यांना थांबा म्हणते.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर जे आहेत त्यांना विनंती आहे की सी आणि पायथनच्या जर्नलमध्ये निदान दोन प्रॅक्टिकल असे ठेवा ज्यात एरर यावीच लागेल आणि पोराने ती का आली ते लिहायचं. त्यासाठी नवीन लॅब नको, नवीन सॉफ्टवेअर नको, एक रुपया खर्च नाही. आणि मिनी प्रोजेक्ट बघताना पोराला दोन मिनिटं बोलू द्या.

त्या सरांवर माझा राग नाही, एका दिवसात त्यांना साठ-सत्तर पोरं तपासायची असतात हे मला माहीत आहे. हे पत्र त्यांच्या वाचण्यात आलं तर त्यांनी एकच करावं. नवीन फाइल उघडावी, पहिल्या ओळीत दोन स्पेस देऊन काहीही लिहावं, स्वतःचं नाव लिहिलं तरी चालेल. पायथनला द्यावी. जी एरर येईल ती जशीच्या तशी, स्पेस न हलवता, त्याच फाइलमध्ये पेस्ट करून परत चालवावी, मग अजून एकदा. तिसऱ्या वेळेला स्क्रीन आणि फाइल शेजारी शेजारी ठेवून बघावी. पोराचं जर्नल माझ्याकडे ठेवलंय, रेघ मारलेलं पान त्यातच आहे.

आपली,
एक वाचक आणि शिक्षिका
मानेवाडा रोड, नागपूर